नौपाड्यातील रात्रीचा डबा: तीन महिन्यांचा अनुभव

मे महिन्यापासून आम्ही पतिपत्नी ठाण्यात नौपाड्यातील एका घरगुती केंद्राचा रात्रीचा डबा घेत आहोत. माझे वजन पाहून कोणी मला स्थूल म्हणणार नाही, परंतु कंबर 95 सेंटिमीटर भरली, आणि भारतीय पुरुषांसाठी 90 ही मर्यादा मानली जाते, स्त्रियांसाठी 80. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांमध्ये 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का गाठतो, हे मला त्यावरून उमगले.

या डब्याची खरी किंमत मला त्यातील प्रमाणात दिसते. आमच्या घरी पोळी, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण असे जेवण ‘साधे’ समजले जाई, प्रत्यक्षात मात्र त्यात पिष्टच तीनदा येई आणि डाळ वाटीच्या तळाशी राही. येथे दोन लहान ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, मोठी वाटी भरून पालेभाजी, कोशिंबीर आणि मूठभर भात येतो. चव आपल्याच घरची, गोडा मसाला आणि ओले खोबरे घातलेली, त्यामुळे पथ्याचे अन्न खात असल्याची भावना होत नाही. पहिले दोन आठवडे भात कमी वाटला, हे मान्य करतो. ‘अजून एक घ्या’ हा प्रेमाचा आग्रह करण्यास डब्यात जागाच उरत नाही, आणि डबा साडेसातला दारात येत असल्याने मुंबईहून परतताना स्टेशनबाहेर वडापाव खाऊन मग दहाला जेवणे बंद झाले. कंबर आता 92 आहे. अर्थात त्यात तलावपाळीभोवतीच्या रोजच्या चालण्याचाही वाटा असावा.

माझी तक्रार उपवासाच्या डब्याविषयी आहे. आषाढी एकादशीला तुपाने माखलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शिऱ्यासारखा गोड पदार्थ आला. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावापुरती. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही, आणि एरवी इतका विचार करणाऱ्या केंद्राकडून ही अपेक्षा नव्हती. चालकबाईंना तसे सांगितले, तेव्हा बहुतेक घरांतून खिचडीचीच मागणी येते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांची अडचण मला पटते, तरीही मागणाऱ्याला राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दुधी किंवा भोपळ्याची भाजी हा पर्याय त्यांनी द्यावा, असे वाटते. श्रावणातल्या सोमवारांसाठी आमच्या दोन डब्यांपुरते त्यांनी ते कबूल केले आहे.

एका डब्याचे 140 रुपये पडतात.