भाड्याची १५०-६०० आणि शिवडीचे फ्लेमिंगो

जानेवारीतल्या एका रविवारसाठी १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स भाड्याने घेतली, दिवसाचे १२०० आणि आधारची झेरॉक्स, त्याचा हा रिव्ह्यू. आधीच सांगतो, लेन्स झकास, दुकानाचं पुढे येईलच.

शिवडीच्या जेट्टीवर सकाळी जाऊ नका. जेट्टीचं तोंड पूर्वेला, म्हणजे ऊन सरळ लेन्समध्ये आणि पक्षी नुसते काळे ठिपके. दुपारी ऊन पाठीशी येतं. पण भरती बघूनच निघायचं, त्याला आपला जुना हिशोब आहेच, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्या दिवशी सप्तमी होती म्हणजे सव्वापाचला पूर्ण भरती, म्हणून तीनला पोचलो. स्टेशनपासून चालत, ट्रकची धूळ खात.

तेव्हा पाणी बरंच आत होतं आणि फ्लेमिंगो पार अटल सेतूच्या बाजूला, गुलाबी रेघ नुसती. ६०० ला झूम करूनही फोटो लटपटलेले. मला वाटलं फोकसच गंडलाय, दहा मिनिटं सेटिंग्ज खुडबुडत बसलो, मग शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, चिखल तापलाय, हवा हलतेय, लेन्सला काय शिव्या देता, चहा घ्या." घेतला.

साडेचारनंतर मात्र पैसे वसूल. पाणी चढतं तसा चिखल कमी होत जातो आणि थवा आपोआप आपल्याकडे सरकत येतो. एक छोटा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, ही त्याची लहान जात) एवढा जवळ आला की अख्खी फ्रेम भरली, मान खाली, चोच चिखलात चक्क उलटी, आणि वर काढली की त्या गडद लाल चोचीतून पाणी ठिबकतंय. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर थेंबसुद्धा शार्प! मोठा रोहित ओळखायला सोपा, उंच, पांढराफटक आणि चोच फिकी गुलाबी, फक्त टोक काळं. एक टीप, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली ठेवा नाहीतर पिसं नुसती पांढरी जळतात. उडताना शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, लेन्स ६०० ला एफ ६.३ म्हणजे उजेड कमीच आत घेते, त्यामुळे पाचनंतर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवावाच लागतो, फोटोत थोडे दाणे येतात, येऊ देत.

आता तक्रारी. वजन जवळपास दोन किलो, दोन तास हातात धरली तर दुसऱ्या दिवशी लोकलचा दांडा पकडताना आठवण येते. लॉक न लावता गळ्यात लटकवली की आपोआप लांब होते. हे चालवून घेतलं. पण दुकानदाराने दिलेल्या लेन्सच्या कॉलरचा (स्टँडला जोडायच्या कड्याचा) स्क्रू फिरून गेलेला, मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर, लावली की लेन्स गर्रकन आडवी, ऐन थवा उडाला तेव्हा माझ्या फ्रेममध्ये तिवरं आणि अर्धं आकाश. शेवटी बायकोचे केसांचे दोन रबर गुंडाळून काम भागवलं.

सोमवारी परत देताना स्क्रू दाखवला तर दुकानदार म्हणतो, "अच्छा, तो होय, तो सगळ्यांनाच असा मिळतो." आणि रबर काढून माझ्या हातात ठेवले.