नऊ महिने डॅमेज मीटर वापरल्यावर: तो खेळातच हवा, पण चव्हाट्यावर नको

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मी फ्रॉस्ट मेज, म्हणजे बर्फाचे स्पेल टाकणारी जादूगार, खेळते. कोण किती डॅमेज, म्हणजे शत्रूला इजा, करतं ते दाखवणारा मीटर कितीतरी दिवस लावलाच नव्हता. बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पडला तर आनंद, नाही पडला तर पुन्हा पुल, म्हणजे नवा प्रयत्न. मग आमचा गट हिरोइक रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने खेळायच्या अवघड मोहिमेत, एका बॉसवर अडकला. दर वेळी ठरलेला वेळ संपून बॉस एनरेज व्हायचा, म्हणजे भयंकर चवताळायचा, सगळे एकदम मरायचे, आणि बॉसचं थोडंसंच आयुष्य उरलेलं असायचं. डॅमेज कमी पडतंय हे उघड होतं, पण कुठे कमी पडतंय ते कोणालाच सांगता येईना. त्या आठवड्यात मी 'डिटेल्स' हा मीटरचा अ‍ॅडऑन, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावला आणि लढाईचा लॉग, म्हणजे नोंद, 'वॉरक्राफ्ट लॉग्ज' या वेबसाइटवर चढवायला लागले. त्याला आता नऊ महिने झाले.

ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लढाईत घडणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे कोणी कोणाला कशाने मारलं, किती लागलं, कोणी बरं केलं, कोण कशामुळे मेलं, ही खेळ स्वतःच नोंदवत असतो. 2004 मध्ये आलेल्या या खेळात सुरुवातीपासून अ‍ॅडऑनची सोय होती. त्यामुळे ती नोंद वाचून कोणी किती डॅमेज केलं याच्या पट्ट्या दाखवणारी साधनं खेळाडूंनीच बनवली. मीटर नवी माहिती तयार करत नाही, जी आहे तीच वाचता येईल अशी मांडतो.

पहिला फायदा मला तिसऱ्या दिवशी झाला. मी पट्ट्यांमध्ये मधोमध होते आणि गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखत, चांगला असूनही वर का नाही, हे कळत नव्हतं. लॉगमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' नावाचा एक आकडा असतो. लढाईच्या एकूण वेळापैकी तुम्ही प्रत्यक्ष किती वेळ काहीतरी करत होतात, ते तो सांगतो. माझा 78 टक्के होता. लढाई सहा मिनिटांची. म्हणजे जवळजवळ 80 सेकंद मी नुसती उभी होते किंवा पळत होते. मग टाइमलाइन उघडून एकेक रिकामी जागा तपासली. जमिनीवर आग आली की मी ती चुकवायला गरजेपेक्षा दुप्पट लांब पळायचे आणि पळताना एकही स्पेल टाकायचे नाही. फ्रॉस्टबोल्टला उभं राहावं लागतं, पण आइस लान्स चालता चालता जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेली गोष्ट हात करत नव्हते, आणि लॉगशिवाय ते मला कधीच दिसलं नसतं. तीन आठवड्यांत तो आकडा 90 च्या वर गेला. गिअर तोच होता.

म्हणून 'असली साधनं खेळात नकोतच' हे म्हणणं मला पटत नाही. एनरेजचं घड्याळ लावून खेळ तुमच्याकडून ठराविक डॅमेजची अपेक्षा ठेवतो. मग ते पुरं पडतंय की नाही हे पाहायची सोयही त्यानेच द्यायला हवी. परीक्षा घ्यायची आणि पेपर परत दाखवायचा नाही, हे बरोबर नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

आमच्या गटात एक शामन होता, एन्हान्समेंट, म्हणजे शत्रूच्या जवळ जाऊन लढणारा. पट्ट्यांमध्ये तो कायम तळाला असायचा, शेवटून दुसरा किंवा तिसरा. मीटर येण्याआधी त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मीटर आल्यावर प्रत्येक वाइपनंतर, म्हणजे सगळा गट मेल्यावर, कोणीतरी यादी चॅटमध्ये टाकायला लागलं. एका रात्री बॉस दोन टक्क्यांवर असताना वाइप झालं आणि कोणीतरी लिहिलं, "खालचे दोघं बदला, बॉस पडेल." त्याने काही उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याला बोलावलंच नाही. निर्णय सगळ्यांचा होता, मी विरोध केला नाही.

त्याच्या जागी आलेल्या खेळाडूचं डॅमेज खरंच जास्त होतं, पण आम्ही आधीपेक्षा लवकर मरायला लागलो. बॉसच्या शेजारी उगवणारे छोटे शत्रू एक लांबचा स्पेल टाकतात. तो थांबवला नाही तर सगळ्या गटाला लागतं. तो स्पेल आता कोणी थांबवत नव्हतं. मी जुने लॉग काढले आणि इंटरप्टचा, म्हणजे शत्रूचा स्पेल मधेच तोडण्याचा, रकाना उघडला. त्या दोन टक्क्यांच्या पुलमध्ये एकूण 19 इंटरप्ट होते, त्यातले 11 एकट्या शामनचे. शामनचा स्पेल तोडणारा विंड शिअर 12 सेकंदांत परत मिळतो, म्हणून त्याने ते काम न बोलता अंगावर घेतलं होतं. त्यासाठी तो बॉसला सोडून त्या छोट्यांजवळ उभा राहायचा. डॅमेज कमी होतं ते त्यामुळेच. तो रकाना सुरुवातीपासून त्याच खिडकीत, दोन क्लिकवर होता. आमच्यापैकी एकानेही तो उघडला नव्हता, कारण मीटर उघडला की समोर डॅमेजची यादी येते आणि माणूस तिथेच थांबतो. आम्ही त्याला निरोप पाठवला, माफीही मागितली. तोवर तो दुसऱ्या गटात गेला होता.

खरी अडचण मला इथेच दिसते. पट्टीची लांबी दिसायला सोपी असते, आणि सोपं दिसतं त्यालाच लोक खरं मानतात. आकडा फुगवणं तर फारच सोपं आहे. ज्या छोट्या शत्रूंना मारायची गरजच नाही त्यांच्या घोळक्यात मोठा स्पेल टाकायचा, की पट्टी उड्या मारत वर जाते. बॉसचं आयुष्य तेवढंच राहतं. हीलरची, म्हणजे साथीदारांना बरं करणाऱ्याची, गोष्ट याहून अवघड आहे. सगळे नीट खेळले आणि कोणाला लागलंच नाही, तर हीलरचा आकडा कमी येणार. दोन चांगले हीलर एकमेकांच्या वाट्याचंच हील करत असतात, एकाची पट्टी वाढली की दुसऱ्याची घटते. 2023 मध्ये ऑगमेंटेशन इव्होकर हा नवा प्रकार खेळात आला तेव्हा हा घोळ सगळ्यांच्याच डोळ्यांवर आला. त्याचं कामच इतरांचं बळ वाढवायचं. त्याच्या मेहनतीचा मोठा वाटा दुसऱ्यांच्या पट्टीत जमा होत असेल, तर त्याच्या स्वतःच्या पट्टीवरून काय ठरवायचं?

वॉरक्राफ्ट लॉग्जच्या रंगांबद्दलही लिहायला हवं. तिथे तुमच्याच स्पेशलायझेशनच्या इतर खेळाडूंशी तुलना करून टक्केवारी मिळते: 25 च्या खाली राखाडी, मग हिरवा, निळा, 75 पासून जांभळा, 95 पासून नारिंगी, 99 ला गुलाबी आणि 100 ला सोनेरी. दोन महिने मी त्या नारिंगीच्या मागे होते. प्रीस्टकडे पॉवर इन्फ्युजन, म्हणजे थोडा वेळ आपलं बळ वाढवणारा स्पेल, मागायचं, ते नाही मिळालं की मनात धरायचं, गटाला ज्या क्षणी गरज आहे तेव्हा आपली मोठी ताकद न वापरता स्वतःच्या आकड्याला सोयीच्या वेळी वापरायची. त्या काळात माझे सगळ्यात चांगले रंग आले, आणि सगळ्यात वाईट खेळही तेव्हाच झाला. आता मी रंग पाहत नाही. स्वतःच्या मागच्या आठवड्याच्या लॉगशी तेवढी तुलना करते.

मग बंदी घालावी का? फायनल फॅन्टसी 14 या दुसऱ्या ऑनलाइन खेळात बाहेरची साधनं नियमाने बंद आहेत. तिथे मी थोडे महिने खेळले. वातावरण मवाळ आहे, अनोळखी माणसाला कोणी आकड्यावरून बोलत नाही, आणि हे मला मनापासून आवडलं. पण साधन नाहीसं झालेलं नाही. कॉम्प्युटरवर खेळणारे कित्येक जण ते गुपचूप वापरतात, फक्त चॅटमध्ये बोलत नाहीत. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्याला तो मार्गच नाही. म्हणजे काहींना आपली चूक दिसते, काहींना दिसत नाही, आणि उघडपणे मदत मागायचीही चोरी. त्या खेळाने 'स्टोन, स्काय, सी' नावाची सरावाची जागा दिली आहे, तिथे ठरलेल्या वेळात पुतळा पाडून आपलं डॅमेज त्या लढाईला पुरेल का ते कळतं. कल्पना छान आहे. पण पुतळा आग टाकत नाही, आणि माझे 80 सेकंद गेले होते ते आगीतच.

2025 मध्ये वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने जाहीर केलं की 'मिडनाइट' या विस्तारात लढाईच्या माहितीचा अ‍ॅडऑनना होणारा वापर बराच आवळला जाईल आणि डॅमेज मीटर खेळातच दिला जाईल. माझा अनुभव त्याआधीचा, अ‍ॅडऑनवरचा आहे. दिशा मला योग्य वाटते. सगळ्यांना एकच साधन, एकच हिशेब, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. पण कुठल्याही खेळाने मीटर आत घेताना पहिल्यांदा काय दाखवायचं याचा नीट विचार करावा. वाइपनंतर आधी मृत्यूंची नोंद उघडावी: कोण पहिलं मेलं, शेवटच्या काही सेकंदांत त्याला काय काय लागलं. मग इंटरप्ट आणि डिस्पेल, म्हणजे साथीदारांवरचे वाईट परिणाम काढणं. आणि मग प्रत्येकाला फक्त स्वतःचा आकडा. सगळ्यांची यादी हवी असेल तर ठरलेल्या गटाने ती एकमताने उघडावी. खेळाने रांगेतून आपोआप जमवलेल्या, एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या पाच जणांमध्ये ती दिसूच नये. तिथे तिचा उपयोग हाकलण्यापलीकडे झालेला मी पाहिलेला नाही.

आमच्या गटात आता चॅटमध्ये यादी टाकायची नाही असा नियम आहे. लढाई चालू असताना माझी मीटरची खिडकी बंद असते. वाइप झालं की आधी मृत्यू पाहते, मग इंटरप्ट. रात्री झोपण्याआधी माझ्या टाइमलाइनवरच्या रिकाम्या जागा मोजते. परवाच्या लढाईत त्या चार होत्या, त्यातल्या तीन एकाच आगीच्या वेळच्या, आणि ती आग कुठे पडते ते मला आता पाठ आहे.