हेवी डिपॉझिटवर रूम घेताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

मुंबईत पंधरा-सोळा हजारांत संसार करणाऱ्या माणसाला कुणी म्हटलं ना की एकदाच पैसे भर आणि मग महिन्याला भाडंच नाही, की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, समजा ठाण्याजवळ दिव्याला वन रूम किचनचं भाडं ७ हजार आणि डिपॉझिट ३० हजार असेल तर तीच रूम ३ लाख डिपॉझिट भरून बिनभाड्याची मिळते, अकरा महिन्यांनी रूम सोडली की ३ लाख परत. याला हेवी डिपॉझिट म्हणतात, मुंबई-ठाण्यात सर्रास चालतं आणि सगळेच व्यवहार खोटे असतात असंही नाही. पण आमचे ३ लाख गेले ते याच्यातच.

मी ठाण्यात सिक्युरिटीला, बारा तासांची ड्युटी, आणि मिसेस दोन-तीन घरी पोळ्या करते. भाडं, रेशन, रेल्वेचा पास, मुलीची फी आणि गावी आईच्या गोळ्या एवढं झालं की हातात काही उरत नाही. त्यात दर अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवणार नाहीतर खाली करा म्हणणार, मग पुन्हा एजंटला एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, टेम्पोचे पैसे वेगळे. म्हणून मिसेसचं गंठण सोनेतारण ठेवलं, गावच्या पतपेढीतून थोडे उचलले, भिशी लागली होती ती घातली आणि ३ लाख उभे केले.

रूम देणारा माणूस बोलायला एकदम गोड. "वहिनी, भाड्याचे पैसे म्हणजे पाण्यात गेले, हे तर तुमचे तुमच्याकडेच राहणार." रूमची चावी त्याच्याकडे, बिल्डिंगचा वॉचमन त्याला सलाम ठोकतोय, आम्हाला तो मालकच वाटला आणि तोही मीच मालक म्हणूनच बोलत होता. लाईट बिलावर दुसरं नाव कसं विचारलं तर म्हणे अजून बिल्डरच्या नावावर आहे, ट्रान्सफरला टाकलंय. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करू म्हटलं तर म्हणाला कशाला भाऊ, हजारो रुपये सरकारला फुकट जातात, नोटरी करू, दिव्यात सगळे तेच करतात. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर मजकूर आधीच टाईप केलेला, फक्त आमचं नाव, रूम नंबर आणि रक्कम एवढ्या जागा कोऱ्या, त्या त्याने आमच्यासमोर निळ्या पेनाने भरल्या. नोटरीवाल्याने कागद वाचलासुद्धा नाही, शिक्का मारून पुढच्याला बोलावलं. २ लाख कॅश मागितले, १ लाख बँकेतून ट्रान्सफर केले.

काही महिने सगळं व्यवस्थित. मग एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आणि एक वयस्कर काका दारात. काका चिपळूणकडचे, रिटायर्ड. आत डोकावून म्हणाले, "तुम्ही कोण? भाडं तीन महिन्यांचं थकलंय." मिसेस म्हणाली, काका, आमचं तर भाडं नाहीच आहे, हेवी डिपॉझिट दिलंय. त्यांनी पिशवीतून त्यांचं रजिस्टर केलेलं अ‍ॅग्रीमेंट काढलं, त्यांनी रूम त्या माणसाला दिली होती, ७ हजार भाडं आणि ३० हजार डिपॉझिट. म्हणजे बघा, तो स्वतःच भाडेकरू. काकांना ३० हजार देऊन चावी घेतली, आमच्याकडून ३ लाख घेतले, त्यातूनच काकांना पहिले काही महिने भाडं देत राहिला म्हणजे ते फिरकणार नाहीत, आणि मग फोन बंद. काका भले माणूस, त्यांनी आम्हाला सामान हलवायला मुदत दिली, नाहीतर त्याच दिवशी रस्त्यावर आलो असतो.

आता जे गणित आम्हाला नंतर एका वकिलाने मांडून दाखवलं ते नीट बघा. ३ लाखांवर बँकेच्या एफडीला ७ टक्के धरले तर वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. जी रूम महिन्याला ७ हजार आणते ती खरा मालक १,७५० साठी कशाला देईल? देतो कधी, तर त्याला एकरकमी पैशाची फार नड असते तेव्हा, कर्ज फेडायचं असतं, मुलीचं लग्न असतं. पण मग अकरा महिन्यांनी तो आपले पैसे कुठून परत करणार, तर बहुतेक वेळा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. म्हणजे मालक खरा असला तरी पैसे अडकू शकतात आणि खोटा असला तर विषयच संपला.

रजिस्ट्रेशनला हजारो जातात ही तर शुद्ध थाप. महाराष्ट्रात लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सची, म्हणजे आपल्या भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटची, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का आहे, ती पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेवर. ३ लाखांचं व्याज ३० हजार, त्याचा पाव टक्का किती होतो, ७५ रुपये! शहरात रजिस्ट्रेशन फी १ हजार, वर ऑनलाईन करून देणाऱ्याचे काय ते. आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे हे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायलाच लागतं, ती जबाबदारीही मालकाची. नोटरीच्या शिक्क्याने ते भागत नाही. पण नुसतं रजिस्टर झालं म्हणून समोरचा मालक आहे हे सिद्ध होत नाही हेही लक्षात घ्या, कारण मालकी कुणाची ते तिथे तपासत नाहीत. त्यासाठी खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे रूम कुणी घेतली ते दाखवणारा नोंदणीचा उतारा मागायचा, नोंदणी विभागाच्या साईटवर शोधताही येतो, आणि त्यावरचं नाव समोरच्याच्या ओरिजिनल आधारशी जुळवायचं, झेरॉक्सशी नाही. सोसायटी असेल तर थेट सेक्रेटरीकडे जायचं, वॉचमनला विचारून उपयोग नाही, त्याला चहापाणी मिळत असतं. दिव्यात कितीतरी बिल्डिंगी अनधिकृत आहेत, तिथे इंडेक्स टू निघतच नाही, अशा ठिकाणी भाड्याने राहा पण लाखात पैसे देऊ नका.

पोलीस आधी म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. एकट्यादुकट्याला हेच सांगतात. मग सेक्रेटरींच्या ओळखीने अजून तीन फॅमिली सापडल्या, वेगवेगळ्या बिल्डिंगमधल्या, सगळ्यांकडे तोच टाईप केलेला मजकूर आणि तेच निळं पेन. चौघांनी मिळून कागद टेबलावर ठेवले तेव्हा कुठे एफआयआर झाली, फसवणुकीचं कलम लागलं, जुनं ४२० ते आता भारतीय न्याय संहितेत ३१८. मला उपयोगी पडलं ते बँकेतून दिलेल्या १ लाखाचं स्टेटमेंट, कॅशचं तो सरळ नाही म्हणतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाची अटही नाही, आमचा अर्ज मिसेसच्याच नावाने आहे. हेल्पलाईनचा नंबर १५१००.