मिश्र नेटवर्कवर सांबा आणि कप्स : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात नारायण पेठेत आमचे अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे छोटे कार्यालय आहे. दोन संगणकांवर विंडोज ११ प्रो, एकावर विंडोज १०, एकावर ३२ बिटांचे विंडोज ७, मांडणीकाराच्या टेबलावर मॅक मिनी, दोन लेझर प्रिंटर आणि स्कॅनिंगपुरता उरलेला एक जुना कॉपियर असा आमचा संसार आहे. विंडोज ७ चा संगणक कोणी हौसेने ठेवलेला नाही. पेजमेकर ७ मध्ये जुन्या श्रीलिपी फाँटांत जुळवलेली पुस्तके आमच्याकडे फक्त त्याच्यावरच नीट उघडतात, आणि पुनर्मुद्रणाचे काम आले की त्याच्यावाचून अक्षरशः पान हलत नाही. त्याचे इंटरनेट मात्र आम्ही राउटरवरूनच बंद केलेले आहे.

मार्च २०२५ पर्यंत आमच्याकडे प्रत्येक संगणक आपापले फोल्डर इतरांना वाटत असे आणि ए३ आकाराचा प्रिंटर विंडोज १० च्या संगणकाला यूएसबीने जोडलेला असे. म्हणजे तो संगणक बंद असला की छपाईही बंद. मार्चमध्ये अडगळीत पडलेल्या एका डेस्कटॉपमध्ये नवा एसएसडी घालून त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) बसवले, फायली वाटण्यासाठी सांबा आणि छपाई वाटण्यासाठी कप्स हे प्रोग्रॅम सुरू केले, आणि या यंत्राचे नाव ‘दप्तर’ ठेवले. मधल्या काळात दिवाळी अंकांचा हंगाम त्याच्यावरच पार पडला असल्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

सर्वांत आधी एक कबुली द्यायला हवी. ज्या तक्रारींसाठी हा खटाटोप केला, त्यांतल्या निम्म्या तरी सर्व्हर न बसवताही सुटल्या असत्या. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंचे “अहो, प्रिंटर परत ऑफलाइन दाखवतोय” हे वाक्य इतके ठरलेले होते की, वार आणि बिघाड यांचा संबंध मला फार पूर्वीच कळायला हवा होता. वीज परत आल्यावर आमचा राउटर आधी वाटलेले पत्ते विसरत असे आणि जे यंत्र आधी जागे होईल त्याला पहिला मोकळा पत्ता देत असे. बुधवारी १९२.१६८.१.१०५ वर असलेला प्रिंटर शुक्रवारी १०९ वर सापडे, आणि संगणक मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारत बसत. राउटरच्या पानावर प्रिंटर, कॉपियर आणि दप्तर या तिघांच्या मॅक पत्त्यांपुढे, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरील कायम ओळख-क्रमांकांपुढे (या मॅकचा मॅक मिनीशी काही संबंध नाही) कायमचे आयपी पत्ते नोंदवून टाकले, त्याला दहा मिनिटे लागली. त्यानंतर शुक्रवारची तक्रार पूर्णपणे नव्हे, पण बरीचशी थांबली. उरलेल्या भागाकडे छपाईच्या संदर्भात येतो.

फाइल उघडत नाही अशी हाक आली की पूर्वी मी सरसकट सगळे संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला सांगत असे. आता मी एका ठरावीक क्रमाने जातो. आधी दप्तरच्या पत्त्याला पिंग करतो, म्हणजे ते उत्तर देते का हे पाहतो. उत्तर आले नाही तर दोष केबल, स्विच किंवा राउटरमध्ये आहे आणि विंडोजच्या सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही. उत्तर आले तर रन खिडकीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे आयपी पत्ता टाकतो. तेवढ्याने फोल्डर उघडला आणि नावाने उघडत नसेल, तर दोष फक्त नावाचा पत्ता शोधण्यात आहे. पत्त्यानेही उघडला नाही, तर फायली वाटण्याचे दार, म्हणजे पोर्ट ४४५, फायरवॉलने (संगणकाच्या राखणदार प्रोग्रॅमने) अडवले आहे किंवा पासवर्डाचा घोळ आहे. फायरवॉलच्या बाबतीत आम्हाला एकदाच फटका बसला. नवा राउटर आणल्यावर एका विंडोज ११ वर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असा नोंदला गेला होता. तो ‘प्रायव्हेट’ करताच त्या संगणकावरचा शेअर, म्हणजे वाटलेला फोल्डर, इतरांना पुन्हा दिसू लागला.

एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या खिडकीवर विसंबू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. पूर्वी तिथे दिसणारी यादी एसएमबीच्या (विंडोजच्या फायली वाटण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीबरोबर चालणाऱ्या जुन्या पद्धतीने तयार होत असे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. त्यामुळे सांबाचा सर्व्हर उत्तम चालू असूनही त्या खिडकीत दिसत नाही आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो. डेबियनवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम बसवल्यावर दप्तर तिथे दिसू लागले, पण तोवर आम्ही प्रत्येक विंडोज संगणकावर थेट पत्त्याने झेड ड्राइव्ह जोडून घेतला होता आणि त्या खिडकीची कोणाला आठवणही राहिली नव्हती.

पासवर्डाचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. सुरुवातीला सोय म्हणून मी एक फोल्डर पाहुण्यांसाठी, म्हणजे पासवर्डाशिवाय, खुला ठेवला होता. विंडोज ७ आणि मॅकवरून तो उघडत होता. एका विंडोज ११ वर २४एच२ ही आवृत्ती आली आणि तिथे निरोप झळकला की, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटवता आत जाता येणार नाही. पाच माणसांच्या आमच्या संस्थेचे धोरण कोणी ठरवले, यावर चहाच्या वेळी बरीच चर्चा झाली. कारण सरळ आहे. या आवृत्तीपासून प्रो संगणक एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही मागतो. सहीची किल्ली पासवर्डापासून तयार होते, आणि पाहुण्याला पासवर्डच नसल्यामुळे त्याला सही करता येत नाही. ही तपासणी बंद करण्याच्या युक्त्या सर्वत्र सापडतात, परंतु त्या न वापरता मी सांबामध्ये प्रत्येकाच्या नावाने खाते उघडले आणि पाहुण्यांचा फोल्डर काढून टाकला. हा निर्णय योग्य ठरला, कारण आता कोणत्या फाइलवर कोण बसले आहे हे सर्व्हरवर नावानिशी दिसते.

विंडोज ११ उघडताना वापरला जाणारा पिन फक्त त्या संगणकापुरता असतो आणि नेटवर्कवर तो चालत नाही, हे प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगावे लागले. जुना पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवण्याच्या जागेत) साठून राहिल्यामुळे नवा पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जाण्याचा प्रकार तीन वेळा घडला. साठवलेली नोंद पुसून लॉगआउट केल्यावर तो सुटला.

फायलींच्या परवानग्यांनी पहिल्या महिन्यात मला सर्वाधिक छळले. काकूंनी तपासून ठेवलेला लेख मांडणीकाराला फक्त वाचता येई, त्यात बदल करता येत नसे. वर्ड फाइल साठवताना नवी तात्पुरती फाइल लिहून तिला जुन्या फाइलचे नाव देतो, त्यामुळे शेवटी ज्याने फाइल साठवली तोच तिचा मालक बनतो. शेअरच्या व्याख्येत सर्वांना एका गटात सक्तीने बसवणे, फायलींसाठी ०६६० आणि फोल्डरांसाठी २७७० अशी परवानगी (मालक आणि गट दोघांनाही वाचता-लिहिता यावे अशी) ठरवणे आणि आधीपासून असलेल्या फायलींवर तीच एकदा लावून घेणे, एवढे केल्यावर प्रश्न मिटला. शेवटची पायरी मी विसरलो होतो, म्हणून नव्या फायली नीट चालत आणि जुन्या रुसून बसत.

आता छपाईविषयी. पूर्वीच्या व्यवस्थेत विंडोज ७ वरून ए३ प्रिंटरकडे काम पाठवले की ०एक्स०००००११बी अशी चूक येत असे. २०२१ मध्ये छपाईच्या सेवेतले प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेले छिद्र उघड झाले. त्याच वर्षी छपाईसेवेची सुरक्षा कडक करत गेलेल्या दुरुस्त्यांमुळे, प्रिंटर वाटणारा विंडोज संगणक समोरच्याकडून अधिक कडक, गुप्त स्वरूपाचे संभाषण मागू लागला, आणि आमच्या जुन्या विंडोज ७ ला ते जमत नव्हते. रजिस्ट्रीत एक नोंद शून्य केली की चूक नाहीशी होते, हे खरे आहे. मीही ते केले होते आणि दीड वर्ष कार्यालयाचे दार त्या बाजूने उघडे ठेवले होते. तो प्रिंटर दप्तरला जोडून कप्समार्फत पोर्ट ६३१ वर दिल्यानंतर ती नोंद पूर्ववत केली. विंडोज ७ त्याच्याकडे इंटरनेट प्रिंटर म्हणून पाहतो, आणि मॅकला तो आपोआप सापडला. मॅकच्या वापरकर्त्याने यावर किती भाव खाल्ला, ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या, ए४ प्रिंटरला नेटवर्कची केबल थेट जोडण्याची सोय आहे. अशा प्रिंटरला सर्व्हरमार्फत वाटण्याची गरजच नसते. प्रत्येक संगणकावर स्थिर आयपी पत्ता आणि पोर्ट ९१०० देऊन तो थेट जोडावा. विंडोज आपणहून त्याला डब्ल्यूएसडी (यंत्र आपोआप शोधण्याच्या पद्धतीच्या) पोर्टवर जोडते, तो पोर्ट बदलून साधा टीसीपी/आयपी पोर्ट करावा. एवढे करूनही प्रिंटर चालू असताना ऑफलाइन दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्थितीची (प्रिंटरला त्याची अवस्था विचारण्याची) खूण काढून पाहावी. आमच्याकडे एका विंडोज ११ वर केवळ त्या खुणेमुळे दोन दिवस वाया गेले होते. शुक्रवारच्या तक्रारीचा उरलेला भाग मात्र कप्सचा होता. आमच्या ए३ प्रिंटरच्या छपाई-रांगेच्या धोरणात, चूक झाल्यास छपाई थांबवावी असे नमूद होते. दप्तर यूपीएसवर असल्यामुळे जागे राही, प्रिंटर मात्र बंद पडे, आणि वीज आल्यावरही रांग कोणी हाताने सुरू करेपर्यंत थांबलेलीच राही. ‘पुन्हा प्रयत्न करावा’ असे धोरण ठेवल्यापासून रांग आपली आपण चालू होते.

ज्या अडचणीविषयी मला कुठेही मराठीत लिहिलेले आढळले नाही, ती फायलींच्या मराठी नावांची आहे. जुन्या फायली दप्तरवर नेताना काही ठिकाणी नक्कल अडली. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ एककांची मर्यादा असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह एकच एकक धरले जाते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे. आमच्या एका संपादकांना परिसंवादाचा संपूर्ण विषय, वक्त्यांची नावे आणि ‘अंतिम सुधारित’ हे सर्व फाइलच्या नावातच लिहिण्याची सवय असल्यामुळे ती मर्यादा आम्ही सहज ओलांडत होतो.

त्याहून चकवणारा प्रकार ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ या फाइलचा. एकाच फोल्डरमध्ये या नावाच्या दोन फायली दिसत होत्या, अक्षर न् अक्षर सारखे. काकूंनी दुरुस्त्या एकीत केल्या आणि पाने दुसरीवरून लागली. हे लक्षात आले ते शेवटच्या मुद्रितावर. यातली एक फाइल बाहेरच्या मांडणीकाराने मॅकवर बनवलेल्या झिपमधून आली होती. ‘ऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असाही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण फाइल सिस्टिम केवळ बाइट पाहते, त्यामुळे तिच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे ठरतात. यात सांबाचा काही दोष नाही. विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवरही हेच घडले असते. डेबियनवर कॉन्व्हएमव्ही या प्रोग्रॅमने सर्व नावे एका रूपात आणता येतात आणि मी ते दर रविवारी रात्री चालवतो. मात्र काही कळफलक हाच ऱ र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीने लिहितात, आणि ते रूप या सामान्यीकरणाने बदलत नाही. म्हणून आता प्रत्येक फाइलच्या नावाची सुरुवात पुस्तकाच्या क्रमांकाने करायची आणि ‘शेतकऱ्यांचे’, ‘दुसऱ्या’ असे शब्द शक्यतो नावात आणायचे नाहीत, असा नियम आम्ही केला आहे. संगणकाच्या सोयीसाठी शब्द टाळावे लागणे मला पटत नाही, तरी तो नियम पाळतो.

सांबाची एक सोय दिवाळीच्या आधी फार उपयोगी पडली. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती कायमची जाते. सांबामध्ये रिसायकल नावाचा भाग जोडला की पुसलेल्या फायली सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये साठतात, आणि ऑक्टोबरमध्ये एका अंकाचा अख्खा कवितांचा विभाग आम्हाला तिथून परत मिळाला. ही सोय जोडताना मी केलेली चूक इतरांनी करू नये. मॅकसाठी लागणारे भाग मी सर्व शेअरसाठी मिळून एका ओळीत लिहिले होते आणि रिसायकल मात्र एकाच शेअरखाली वेगळ्या ओळीत लिहिले. खालची ओळ वरचीत भर घालत नाही, ती तिची जागाच घेते. त्यामुळे त्या शेअरपुरते मॅकचे भाग निमूटपणे बंद पडले आणि फोल्डरभर टिंबाने सुरू होणाऱ्या छोट्या फायलींचा पसारा झाला. सर्व भाग एकाच ओळीत लिहावे लागतात.

जुना कॉपियर स्कॅन केलेले पान फोल्डरमध्ये टाकताना एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलतो, आणि सांबानेही ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती मुळात बंद ठेवली आहे. एका कॉपियरसाठी ती उघडण्याऐवजी त्याला दप्तरवर एक वेगळा एफटीपी फोल्डर (फायली पाठवण्याच्या दुसऱ्या, जुन्या पद्धतीचा) दिला. तिथून पाने दर पाच मिनिटांनी शेअरमध्ये हलवली जातात. काकूंना ही पाच मिनिटे अजूनही खटकतात.

ज्यांच्याकडे सगळे संगणक एकाच जातीचे आणि तीनपर्यंत आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. स्थिर पत्ते आणि नेटवर्कला थेट जोडता येणारा प्रिंटर त्यांना पुरेल. आमच्यासारखी सरमिसळ असेल आणि घरात कोणीतरी एक जण मजकुरी फाइल उघडून ओळी बदलायला कचरत नसेल, तर मात्र हे यंत्र खुशाल बसवावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, त्यामुळे तो संगणक पुढच्या महिन्यात बदलणार आहे. फायली आणि ए३ प्रिंटर आता त्याच्यावर अवलंबून नसल्यामुळे त्या दिवशी काम बंद ठेवावे लागणार नाही, असा अंदाज आहे. तरी गुरुवार सोडून दुसरा दिवस पाहणार आहे.