ज्वारी बाजूला ठेवल्यावर: पॅलिओच्या चार पिठांची परीक्षा

पॅलिओ म्हणजे अश्मयुगातल्या माणसाच्या खाण्यावर बेतलेला आहार; त्यात धान्य नाही, म्हणून ज्वारीही सुटते. तिच्या जागी येणाऱ्या पिठांचा निकाल आधीच सांगून टाकतो. बदाम, नारळ, शिंगाडा आणि टॅपिओका (साबुदाणा ज्यापासून करतात तो स्टार्च) या चार पिठांपैकी एकाचीही ज्वारीसारखी भाकरी होत नाही. पाकिटावर मऊसूत पोळीचा फोटो असला तरी होत नाही. पण म्हणून ही पिठं निकामी ठरत नाहीत. त्यांची खरी जागा परातीत नाही, तव्यावर आणि रश्शात आहे. तिथे त्यातली दोन उत्तम काम करतात, एक ठीकठाक आणि एक फार जपून वापरावं लागतं.

नियम थोडक्यात. पॅलिओत धान्य नाही, कडधान्य नाही, दूध-दही-पनीर नाही, साखर नाही, सोयाबीन किंवा सूर्यफुलासारखी रिफाइंड तेलं नाहीत. तुपाबद्दल एकमत नाही; त्यातलं दुधाचं घन निघून गेलेलं असतं म्हणून बरेच जण ते चालवून घेतात. मराठी स्वयंपाकाला सगळ्यात मोठा फटका शेंगदाण्यामुळे बसतो, कारण तो शेंगवर्गातला, म्हणजे कूटही गेला आणि शेंगतेलही. ज्वारी, बाजरी, नाचणी 'ग्लूटेन फ्री' असल्या तरी धान्यच. गंमत अशी, की मोझांबिकमधल्या न्गालुए गुहेतल्या दगडी हत्यारांवर रानटी ज्वारीच्या स्टार्चचे कण सापडल्याचं २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं, आणि तो थर १ लाख वर्षांहून जुना आहे. त्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. तरी 'अश्मयुगात ज्वारी नव्हतीच' असं ठणकावून सांगणाऱ्याने जरा आवाज खाली घ्यायला हरकत नाही.

आता पिठं. खालची मापं २४० मिलिलिटरच्या कपाची आहेत.

बदामाचं पीठ सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त गाजावाजा झालेलं. त्याचे दोन प्रकार मिळतात: सोललेल्या बदामांचं बारीक, पांढरट पीठ आणि सालासकट दळलेलं जाडसर, तपकिरी. घावन आणि बेकिंगला पहिलं घ्यावं, भरल्या वांग्याला दुसरं. कोणतंही घ्या, निम्म्याच्या आसपास वजन चरबीचं असतं, आणि त्याचे गुणदोष सगळे तिथून येतात. उंडा मळता येतो, पण चिकटपणा नसल्यामुळे थापायला गेलं की कडा फुटतात आणि तव्यावर उलटताना तुकडे पडतात. इसबगोल घातलं तर जमतं: १ कप पिठाला १ टेबलस्पून इसबगोल, चिमूटभर मीठ, पाव कप गरम पाणी. मळून १० मिनिटं झाकून ठेवायचं, दोन बटर पेपरच्या मध्ये लाटायचं आणि कागदासकट तव्यावर उपडं करून वरचा कागद सोडवायचा. आच मंद हवी. मोठ्या आचेवर बाहेरून काळं पडतं आणि आतून कच्चं राहतं, कारण गव्हाच्या पिठापेक्षा हे लवकर करपतं.

हे सगळं करूनही जे मिळतं ते पोळीपेक्षा मऊ बिस्किटाच्या जवळचं असतं. वर हिशेब बघा. १०० ग्रॅम बदामाच्या पिठात सुमारे ५८० किलोकॅलरी. ज्वारीच्या दोन भाकरींना लागतं तेवढं पीठ बदामाचं खाल्लं तर एका जेवणाचा कोटा निव्वळ भाकरीतच संपतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर रोज खाऊच नये. बदामात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे होण्याला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं.

मात्र शेंगदाण्याच्या कुटाला पर्याय म्हणून सालासकटचं बदामाचं पीठ फार छान आहे. पाव किलो भरल्या वांग्यांना ३ टेबलस्पून बदामाचं पीठ, २ टेबलस्पून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस आणि १ टेबलस्पून भाजलेले तीळ कुटून. पीठ कोरडंच, मंद आचेवर ३ मिनिटं परतायचं. वास सुटला की लगेच ताटलीत काढायचं, कढई गरम असते आणि ते तिथेच करपतं. रश्शाला कुटासारखाच दाटपणा येतो, वर तवंगही येतो. चवीत शेंगदाण्याचा खमंगपणा थोडा कमी पडतो. तो तीळ भरून काढतात, म्हणून तीळ वगळू नका.

विकतच्यापेक्षा घरचं करणं शहाणपणाचं. पाव किलो बदाम उकळत्या पाण्यात १ मिनिट ठेवून गार पाण्यात टाकायचे, साल बोटांनी सुटते. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली निदान २४ तास. घाई इथेच नडते: ओल राहिली तर मिक्सरमध्ये पिठाऐवजी गोळा होतो. वाळलेले बदाम तासभर फ्रीजमध्ये गार करून चटणीच्या भांड्यात २-३ सेकंदांच्या झटक्यांनी फिरवायचे, चाळायचे, जाड राहिलेले परत फिरवायचे. सलग फिरवलं तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि बदामाचं लोणी हाती येतं. (तेही वाया जात नाही, पण हवं होतं पीठ.) हे पीठ हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवावं, ओट्यावर, विशेषतः कोकणपट्टीच्या हवेत, लवकर खवट होतं.

नारळाच्या पिठाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. किराणा दुकानात मिळणारा डेसिकेटेड कोकोनट म्हणजे नारळाचं पीठ नव्हे. तो वाळवलेला खव असतो, तेलासकट. पीठ म्हणजे दूध किंवा तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा वाळवून दळलेला. त्यात तंतू इतके असतात की ते स्पंजासारखं पाणी ओढतं. गव्हाच्या पिठाच्या कृतीत हे त्याच मापाने घातलं की भुसा तयार होतो, आणि बहुतेक जण पाकीट टाकून देतात ते याच पहिल्या प्रयत्नानंतर. गव्हाचं पीठ १ कप लागत असेल तिथे नारळाचं पाव कप, आणि बांधून ठेवायला अंडी. धिरड्याचं माप असं: पाव कप पीठ (सुमारे ३० ग्रॅम), २ अंडी, पाव कप नारळाचं दूध, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. पीठ भिजवल्यावर लगेच घालू नका. १० मिनिटं थांबलं की ते घट्ट होतं, मग लागेल तसं दूध वाढवायचं. धिरडी तळहाताएवढीच घालायची. मोठं धिरडं उलटताना हमखास मोडतं. अंडं न खाणाऱ्यांनी हे पीठ घेण्यात अर्थ नाही.

घरी सोलकढी होत असेल तर पीठ फुकटच आहे. नारळाचं दूध पिळून राहिलेला चोथा पातळ पसरून ओव्हनमध्ये ९० अंशांवर ३-४ तास, मध्ये दोनदा हलवत, पूर्ण कोरडा करायचा आणि दळायचा. पावसाळ्यात उन्हावर विसंबू नका, बुरशी येते. हाताने पिळलेल्या चोथ्यात कारखान्यातल्या पिठापेक्षा तेल जास्त राहतं, त्यामुळे तो पाणी कमी ओढतो. वरच्या मापातलं दूध सुरुवातीला निम्मंच घाला.

शिंगाड्याचं पीठ या परीक्षेतलं पहिल्या क्रमांकाचं. उपवासाच्या फळीवर मुकाट बसलेलं असतं, 'पॅलिओ' असं लेबल नाही, आणि बदामाच्या एक किलोच्या पैशात साधारण तीन-चार किलो येतं. शिंगाडा पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीचं फळ, त्यामुळे धान्याचा प्रश्नच नाही. उंडा बांधण्याइतका चिकटपणा त्याच्या स्टार्चमध्ये आहे. थालीपीठ करायचं तर १ कप पीठ, १ मध्यम उकडलेलं रताळं किंवा वाटीभर उकडलेलं सुरण, जिरं, मिरची, मीठ. आधी पाणी न घालता रताळं पिठात कुस्करून मळायचं. त्याच्या ओलाव्यावर बहुतेक काम होतं. नंतर कोमट पाणी चमच्या-चमच्याने. एकदम पाणी ओतलं तर उंडा हाताला चिकटतो, आणि वरून पीठ घालत बसलं की थालीपीठ दगड होतं. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून, खोबरेल तेलावर मध्यम आचेवर झाकण ठेवून ४ मिनिटं, मग उलटून बिनझाकणाचं ३ मिनिटं. गरमच खायचं. गार झालं की स्टार्च आवळतो आणि चिवट लागतं, डब्यात द्यायच्या लायकीचं राहत नाही.

पण शिंगाड्याची खरी कमाल माशांवर दिसते. रवा किंवा तांदळाच्या पिठाऐवजी ४ टेबलस्पून शिंगाडा पीठ आणि १ टेबलस्पून टॅपिओका. सुरमईच्या तुकड्यांना आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचा आगळ लावून २० मिनिटं ठेवा. पिठात घोळवण्याआधी सुटलेलं पाणी निथळून टाका, नाहीतर पीठ गोळ्यांनी चिकटतं आणि तव्यावर सालपटासारखं सुटतं. बिडाच्या तव्यावर तेल तापलं की तुकडे सोडायचे आणि ३-४ मिनिटं अजिबात हलवायचे नाहीत. कवच रव्याइतकं रवाळ होत नाही, पण पातळ आणि कडक होतं. बदामाचं पीठ इथे वापरून पैसे घालवू नका. दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा आतून शिजेपर्यंत ते काळं पडतं, आणि बोंबलाच्या पाण्यात तर त्याचा लगदाच होतो.

शिंगाड्याचा दोष एकच: जुना माल. श्रावण आणि नवरात्राच्या सुमाराला खप असतो तेव्हा ताजं मिळतं, एरवी पाकीट दुकानात महिनोन्महिने पडून असतं. दळल्याची तारीख बघा. घरी उघडल्यावर कुबट वास आला किंवा जिभेला कडवट लागलं तर परत करा. आणि शिंगाडा उपवासाला चालतो म्हणून उपवासाचं सगळंच पॅलिओ, असं धरून चालू नका. उपवासाच्या भाजणीत वरई असते, म्हणजे धान्य. राजगिरा कडक पॅलिओवाल्यांना चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट.

टॅपिओका हा कसाव्याच्या कंदाचा शुद्ध स्टार्च, साबुदाणा ज्यापासून करतात तोच. पोषण म्हणाल तर निव्वळ पिष्ट. एकट्याने काही होत नाही, पण दुसऱ्या पिठाला तो लवचिकपणा देतो. अर्धा कप बदामाचं पीठ, अर्धा कप टॅपिओका, १ कप नारळाचं दाट दूध, मीठ: याची घावनं होतात, मुडपता येतात आणि रश्शात बुडवल्यावर तुटत नाहीत. या चार पिठांतून पोळीच्या सर्वांत जवळ जाणारा पदार्थ हाच. स्टार्च तळाशी बसतो म्हणून प्रत्येक घावनाआधी पळीने ढवळायचं. पातळ पसरायचं, जाड राहिलं तर मधला भाग डिंकासारखा लागतो. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. साबुदाणा मिक्सरमधून काढूनही चालतं, मात्र तो तयार होताना अर्धवट शिजलेला असल्याने भिजवून अर्धा तास थांबावं लागतं. रस्सा दाट करायला १ छोटा चमचा टॅपिओका २ टेबलस्पून गार पाण्यात कालवून अगदी शेवटी घालायचा. उकळत ठेवला तर तार सुटते. टॅपिओकाऐवजी 'आरारूट' घेत असाल तर पाकिटाच्या मागचे घटक वाचा. मक्याचा स्टार्च त्या नावाने विकला जातो, आणि मका धान्य.

तयार 'कीटो आटा' घेऊ नका. कीटो म्हणजे पॅलिओ नव्हे. कीटोत पिष्ट मोजतात आणि चीज चालतं. पॅलिओत रताळं आणि मध चालतो, चीज नाही. अशा आट्यात सोया, हरभरा किंवा चक्क गव्हाचं ग्लूटेन असू शकतं.

असंच लपलेलं धान्य फोडणीच्या डब्यातही असतं. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व मैदा किंवा तांदळाचं पीठ. खडा हिंग आणून कुटून ठेवावा. तो तेज असतो, नेहमीच्या मापाच्या चौथाईने सुरुवात करावी.

मटणाच्या रश्शाला, कोंबडीच्या सुक्याला, तिरफळाच्या बांगड्याच्या कालवणाला यातलं एकही पीठ लागत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण मुळातच पॅलिओ आहे. कोल्हापूरचा पांढरा रस्साही, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. सोबत भाकरीऐवजी उकडलेलं सुरण किंवा भाजलेलं रताळं घेतलं की ताट पूर्ण होतं. दूध आणि नाचणी दोन्ही सुटल्यामुळे कॅल्शियम कमी पडतं, ते काट्यासकट खायच्या मांदेली, सुकट, तीळ आणि शेवग्याच्या पाल्यातून आणावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी, साखर अचानक खाली जाऊ शकते.

पहिली खरेदी एवढीच पुरे: अर्धा किलो शिंगाडा पीठ, २०० ग्रॅम टॅपिओका, पाव किलो अख्खे बदाम, खडा हिंगाची छोटी डबी. नारळाचं पीठ विकत आणू नका, सोलकढी करा.