फुल-फेस हेल्मेट, दोन पावसाळ्यांनंतर: काचेची पहिली खाच

हेल्मेटचा दुसरा पावसाळा सुरू झाला आणि काचेची पहिली खाच गेली. फुल-फेस, म्हणजे हनुवटीसकट चेहरा झाकणारं हेल्मेट वापरणाऱ्यांना मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. काच पूर्ण मिटलेली असताना अंगठ्याने किंचित वर ढकलली की ‘टक्’ आवाज होतो आणि ती जेमतेम काही मिलिमीटर फटीवर थांबते, ती खाच. त्या फटीतून हवा आत येते, श्वासाची वाफ निघून जाते आणि पाऊस डोळ्यांत येत नाही. ती गेल्यावर माझ्या काचेला दोनच जागा उरल्या. पूर्ण बंद केली तर वाफ धरते, अर्धी उघडली तर पावसाचे थेंब थेट चष्म्यावर. तळवडे-चाकण रस्त्यावर संध्याकाळी सुट्टीच्या वेळी, दोन्ही बाजूंना कंटेनर असताना, या दोन्ही जागा सारख्याच धोक्याच्या.

हेल्मेटचं नाव लिहीत नाही. दुकानदारांशी बोलल्यावर कळलं की सुट्या भागांच्या बाबतीत बऱ्याच कंपन्यांची तऱ्हा हीच आहे, त्यामुळे एकीला झोडपून तुमचा फायदा नाही. वर्णन पुरेसं आहे: पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं शेल (बाहेरचं कवच), आयएसआय आणि ईसीई (युरोपातलं हेल्मेटचं मानक) दोन्ही शिक्के, आत सरकणारी काळी काच, टिकटिक करत घट्ट होणारं बकल, वजन दीड किलोच्या आसपास, किंमत साडेपाच हजार. वापर रोजचा, निगडी ते चाकण एमआयडीसी. अधूनमधून रविवारी ताम्हिणी किंवा जुन्या रस्त्याने लोणावळा-खंडाळा, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. मला चष्मा आहे. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

घेताना मी शिक्क्यांवर बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाप्रमाणे आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकताच येत नाही. तरी हायवेच्या कडेला शिक्का छापलेली हलकी टोपली अजूनही ढिगाने मिळतात. शिक्क्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होण्यासारखं काम आहे, दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. ईसीईचं लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं. गोलात इंग्रजी ई आणि देशाचा आकडा, त्यानंतरचा क्रमांक ०५ ने सुरू झाला तर जुनी २२.०५ चाचणी, ०६ ने सुरू झाला तर नवी २२.०६. नव्या चाचणीत डोक्याला पीळ देणाऱ्या तिरक्या आघाताचीही तपासणी होते. त्याच लेबलवर पी हे अक्षर असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून तपासलेला आहे. जर्मनीत हानोव्हरला अपघातांचे अभ्यासक डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार कुठे बसतो त्याच्या नोंदी केल्या. त्यात जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या पट्ट्यातला होता. अर्ध्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. फुल-फेस घ्यावं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

मापाबद्दलचं माझं मत मात्र मधल्या काळात बदललं. टेपने भुवईच्या जरा वरून मोजलं तर माझं डोकं ५६ आणि ५७ सेंटिमीटरच्या मध्ये येतं. लहान माप घातल्यावर गाल इतके दाबले जायचे की नीट बोलता येत नव्हतं आणि पहिले काही आठवडे मला ते चुकीचं माप वाटत होतं. गालाचे पॅड महिन्याभरात बसले. आता हनुवटी धरून हेल्मेट हलवलं तर गालाची कातडीही बरोबर हलते, म्हणजे माप बरोबर. मोठं घेतलं असतं तर आज ते डोक्यावर फिरलं असतं. बायकांसाठी खास दोन गोष्टी. पुण्यात आपण तोंडाला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट चढवतो. जाड सुती स्कार्फने माप बदलतं, आणि नाकावरच्या घडीमुळे गरम श्वास थेट वर चष्म्यावर जातो. मी पातळ बालाक्लाव्हावर (डोकं आणि चेहरा झाकणारी कापडी टोपी) आले आणि वाफ लगेच निम्मी झाली. दुसरं, अंबाडा किंवा क्लचर घालून हेल्मेट दुकानात बघूच नका. मानेवर खाली घातलेली वेणी हीच खरी चाचणी, कारण रोज तीच असणार.

बकल चांगलं आहे. डबल डी-रिंगवाले, म्हणजे दोन कड्यांतून पट्टा ओवून बांधणारे, त्याला नावं ठेवतात, पण रोज सिग्नलपासून पेट्रोल पंपापर्यंत अनेकदा काढघाल करणाऱ्याला हेच सोयीचं. हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या हिशेबातही हेल्मेट नाही. आवाज ताशी सत्तरच्या पुढे बराच येतो. आतली काळी काच संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना खरंच कामाची आहे.

आता पुन्हा खाचेकडे. काचेच्या दोन्ही बाजूंना कानाच्या वर, शेलला स्क्रूने बसवलेली प्लास्टिकची एकेक प्लेट असते. बेस प्लेट म्हणतात तिला. तिच्यावर दाते असतात आणि काचेच्या कानाचा उंचवटा त्या दात्यांवरून सरकतो. सगळ्यात जास्त झीज पहिल्या दात्याची होते, कारण आपण सारखे तिथेच येतो-जातो. त्यात चाकणची धूळ. ट्रकच्या मागे मागे गेलं की ती बारीक धूळ प्लेटमध्ये बसते आणि पावसात तिचं खरकागदासारखं काम होतं. नाना पेठेतल्या एका सुट्या भागांच्या दुकानात काकांनी काच उतरवून मला तो दाता दाखवला. बाकीचे चार उभे होते, पहिला गुळगुळीत झाला होता. त्यांनीच सांगितलं की महिन्यातून एकदा काच काढायची, प्लेट ओल्या ब्रशने साफ करायची, सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्यायचा. पेट्रोल, थिनर किंवा गंजावर मारायचा स्प्रे अजिबात नाही. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक चिरा पडतात, आणि शेलही त्याचंच आहे.

प्लेट एवढीशी वस्तू आहे, म्हणून मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. जिथून हेल्मेट घेतलं तिथे गेले. “मॅडम, काच मिळेल, प्लेट सुटी येत नाही.” मी विचारलं, मग प्लेट गेली तर लोक करतात काय? “नवीनच घेतात. आता ऑफर पण आहे.” साडेपाच हजारांचं हेल्मेट, आतलं थर्माकोल शाबूत, शेलवर ओरखडा नाही, कधी पडलेलं नाही, आणि नखाएवढ्या दात्यासाठी ते भंगारात टाकायचं. मला हे मान्य नव्हतं. पैशांचा प्रश्न आहेच, तो मी लपवत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साडेपाच हजार परत काढणं ज्याला जमत नाही तो काच वर करूनच गाडी चालवणार. माझ्या कंपनीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात बघा, निम्मे फुल-फेसवाले काच उघडी ठेवून येतात. डोळ्यांत खडा गेला किंवा समोरच्या टायरने चिखल उडवला की पुढे काय होतं ते घाटात चालवणाऱ्याला सांगायला नको.

कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला. उत्तरात बिल, फोटो, व्हिडिओ मागितले. ते दिले तर झीज वॉरंटीत बसत नाही असं आलं. मी वॉरंटी मागितलीच नव्हती, प्लेट विकत मागितली होती. हे त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांना समजावून सांगावं लागलं. शेवटी दोन गोष्टींनी काम झालं. प्लेटच्या आतल्या बाजूला साच्यातच एक भाग क्रमांक उठवलेला होता, त्याचा फोटो जोडला. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचाच फोन आला, अतिशय नम्र आवाजात, आणि आठवड्याभरात दोन प्लेटांची जोडी कुरियरने घरी. किंमत १८० रुपये, कुरियर वेगळं. १८० रुपयांची वस्तू त्यांच्या गोदामात पडून होती आणि दुकानदार मला नवीन हेल्मेट विकत होता, याचा राग अजून गेलेला नाही.

मधल्या काळात प्लेट नव्हती म्हणून मी पिनलॉक लावलं, आणि इथे माझं मत पूर्ण बदललं. आधी हजाराच्या वर किंमत बघून मी ते बाजूला ठेवलं होतं. ही एक पातळ पारदर्शक पट्टी असते. काचेत आधीपासून दोन पिना असाव्या लागतात, पट्टी त्यांच्यामध्ये ताणून बसते आणि तिच्या कडेचा सिलिकॉनचा दोरा काचेला चिकटून मध्ये हवेचा थर अडकवतो. बाहेरची काच पावसाने गार झाली तरी आतली पट्टी तितकी गार होत नाही, त्यामुळे वाफ धरत नाही. ३०, ७० आणि १२० असे तिचे प्रकार येतात, मी ७० घेतली. ताम्हिणीत ढगातून जाताना, काच पूर्ण बंद, समोरचं सगळं स्पष्ट. तेवढ्यासाठी ती किंमत मी पुन्हा देईन. बसवताना पिना थोड्या फिरवून ताण जमवावा लागतो, नाहीतर एका कोपऱ्यातून ओल मध्ये शिरते आणि मग पुसताही येत नाही. रात्री समोरच्याने अपर मारला की दिव्याचं एक फिकट दुसरं बिंब दिसतं, त्याची सवय होते.

चष्म्याचं मात्र पिनलॉकने सुटत नाही. काच स्वच्छ राहते, चष्म्यावर वाफ धरतेच, विशेषतः सिग्नलला थांबल्यावर. म्हणून पिनलॉक असूनही मला पहिली खाच हवीच. नवी प्लेट बसवल्यावर पहिल्याच सिग्नलला ‘टक्’ ऐकू आलं, चष्मा दोन श्वासांत मोकळा झाला आणि मला मनापासून आनंद झाला.

दुकानात हेल्मेट बघणाऱ्यांनी एवढं कराच: पावसाळी ग्लोव्ह घालून, डाव्या अंगठ्याने पहिली खाच लावून बघा. ग्लोव्हमधून ती नीट जाणवली पाहिजे आणि काच हलवल्यावर आपोआप मिटता कामा नये. काही हेल्मेटांत पहिली जागाच इतकी मोठी असते की पाऊस सरळ आत. ती नको. मग चष्मा घालून, तोंड बंद करून नाकाने जोरात श्वास सोडा आणि वाफ किती धरते ते बघा. नंतर दुकानदाराला काच, प्लेट आणि गालाचे पॅड सुटे मिळतात का ते विचारा, आणि ‘मिळतात’ म्हणाला तर एक जोडी लगेच बिलात घ्या.

काचेबद्दलही एक गोष्ट. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्या धुळीनेच ओरखडे पडतात, आणि रात्री समोरच्या दिव्याची प्रत्येक ओरखड्यातून रेघ फुटते. मी ओलं सुती फडकं पाच मिनिटं काचेवर ठेवते, मग हलकेच उतरवते. पहिली काच वर्षभर टिकली, दुसरी अजून नव्यासारखी आहे.

माझ्या बिलांवरून भाव: साधी काच ७५० रुपये, प्लेटची जोडी १८०, गालाचे पॅड ६००. दुसरी प्लेटची जोडीही मागवून घरात ठेवली आहे. पॅड आता गालावर ढिले लागायला लागलेत, ते पुढच्या महिन्यात बदलणार.