अ‍ॅक्सलचा आवाज खोलायच्या आधी सांगणारा मोंढ्यातला मिस्त्री (बीड)

गॅरेज दिसायला काहीच नाही, आधीच सांगतो. बीडला मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, अंगाला पत्र्याचं शेड, बाहेर अ‍ॅक्सलच्या तेलकट हाऊसिंग (लोखंडी खोळी) पडलेल्या, बोर्डावरचा रंग पार उडालेला. पण तुमची गाडी मागून ड्राइव्हची, कमानपाट्यांची असेल आणि मागून आवाज येत असेल तर इथं दाखवल्याशिवाय दुसरीकडं एक रुपया घालू नका.

माझ्या गाडीचं असं की रेस देत चाललं की काहीच नाही, रेसवरचा पाय काढला की मागून हूंऽऽ सुरू. सत्तरच्या आसपास सगळ्यात जास्त, चाळीसच्या खाली आली की गप. मांजरसुंब्याहून पालीकडं घाट उतरताना गाडी गिअरवर धरली की मागं पिठाची गिरणी चालू केल्यासारखं, मागच्या सीटवर बसलेल्याला फोनवर बोलता येईना. शोरूमच्या वर्कशॉपला दाखवली, नाव घेत नाही, तिथं म्हणले स्लो करताना आवाज येतो म्हणजे ब्रेकच असणार, शू बदलले. आवाज तसाच. मग चाकाचे बेअरिंग बदलले, तरी तसाच, आणि शेवटी आख्खी अ‍ॅक्सल असेंब्ली बदला म्हणून एस्टिमेट हातात दिलं जे बघून गाडीच विकावी वाटायला लागली.

मोंढ्यातल्या मिस्त्री चाचांनी पान्याला हातच लावला नाही राव. म्हणले, "चलो भाऊ, पैले चक्कर मारके आते." स्वतः मागच्या सीटवर बसले आणि मला गाडी चालवायला लावली. सत्तरला नेऊन रेस सोडायला सांगितली, आवाज आला. परत सत्तरला नेली, आता रेस सोडून न्यूट्रल मारायला सांगितलं, आवाज जवळजवळ गायब. मग गिअरमधेच पण ब्रेक हलका दाबून, तरी आवाज तेवढाच, कमी नाही जास्त नाही. रस्ता मोकळा बघून गाडी जरा डावीउजवीकडं झुलवायला लावली, आवाजात फरक नाही.

येताना त्यांनी एकेकाचा हिशोब सांगितला आणि मला तिथंच पटलं. ब्रेकचा आवाज असता तर ब्रेक दाबल्यावर बदलला असता. चाकाचं बेअरिंग असतं तर गाडी एका बाजूला झुकली की त्या चाकावर वजन येऊन आवाज वाढतो नाहीतर कमी होतो, आणि न्यूट्रलमधे सुद्धा तो येतच राहतो. टायरचा असता तर डांबरीवरून सिमेंट रोडवर गेल्यावर सूर बदलला असता. फक्त रेस सोडल्यावर गिअरमधेच येतो म्हणजे अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियनचे दात उलट्या बाजूनं लागल्यावर येतो. पिनियन म्हणजे इंजिनाकडून फिरणारा छोटा गिअर, क्राउन म्हणजे चाकं फिरवणारा मोठा. रेस देताना पिनियन क्राउनला ढकलतं, सोडल्यावर चाकं क्राउनला आणि क्राउन पिनियनला ओढतं, त्यामुळं पिनियनवरचा जोर उलटा होऊन पुढच्या बेअरिंगवर येतो. तिथं ढिलं असलं की पिनियन जागेवर राहत नाही आणि दात ओरडतात. रेस सोडताना ठक्क असा एकच आवाज आला तर आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागं येणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, बघायचा, असंही म्हणले.

शेडमधे आणून मागची दोन्ही चाकं उचलली, स्टँड लावले, गाडी न्यूट्रलला, आणि पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, हातात धरून वर-खाली हलवून दाखवला. नुसता गोल फिरवल्यावर थोडा खेळ असतोच, तो दातांमधला, पण वर-खाली अजिबात हलायला नको. माझा हलत होता, डोळ्यानं दिसत होता. सीलमधून तेल झिरपून हाऊसिंगच्या नाकावर चिखलाचा थर बसलेला. नव्वद नंबरचं ऑइल काढलं तर कमीच निघालं, पण काळं झालेलं, आणि बोटावर घासलं की चांदीसारखी बारीक चमक. ते बोट त्यांनी माझ्या तोंडासमोर धरलं, म्हणले, "ये देखो, बेअरिंग खाया."

क्राउन-पिनियनचे दात मात्र चांगले निघाले, ही माझी नशिबाची गोष्ट, कारण ते बदलायचे तर जोडीनंच बदलावे लागतात आणि तिथं खर्च वाढतो. दोन्ही पिनियन बेअरिंग, सील, नट आणि नटखालची दबणारी स्लीव्ह नवीन टाकली, ती स्लीव्ह एकदा दबली की परत वापरायची नसते. नट किती आवळायचा हे लई जण अंदाजानं करतात. चाचांनी चाकांचे दांडे (एक्सल) आणि क्राउन बाहेर असतानाच फ्लँजला सुतळी गुंडाळून स्प्रिंगकाट्यानं हळू ओढून पाहिलं, काटा किती दाखवतो त्यावरून बेअरिंग किती घट्ट बसलं ते बघायचं, परत थोडं आवळायचं, परत ओढायचं. जास्त आवळलं तर नवीन बेअरिंग तापून जळतं आणि स्लीव्ह जास्त दबली तर नवीनच टाकावी लागते, नुसतं ढिलं करून भागत नाही. हे काम बघत मी तिथंच उभा होतो, चहा पण गार झाला. शेवटी क्राउन परत बसवून दातांना निळा रंग लावला आणि तो फिरवला, ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघितलं, मगच झाकण बसवलं.

आता घाटात गिअरवर धरली तरी मागून काही नाही. पैसे त्या एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्यात भागले, त्यातले जास्त पार्टचेच.

वाईट पण सांगतो. उद्या म्हणले की परवा धरून चाला. फोन उचलत नाहीत. बसायला एक बाकडं, त्यावर पण गिअरबॉक्स ठेवलेला असतो. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, पार्टचं बिल दुकानातून आपणच घ्यायचं. ऊसतोडीच्या सीझनच्या तोंडावर टोळ्यांच्या गाड्या लागलेल्या असतात, तेव्हा नंबरच लागत नाही. आणि छोटी कार, पुढच्या चाकाला ड्राइव्ह असलेली, घेऊन जाऊ नका, तिला मागं क्राउन-पिनियन नसतंच, तिथं मागचा आवाज बेअरिंग, टायर नाहीतर ब्रेकचा असतो आणि ते गावातला कुणीपण करून देईल. शुक्रवारी दुपारी शेड बंद असतं, सकाळी लवकर गेलात तर चाचा स्वतः गाडीत बसतात, दुपारी पोरं बघतात.